फुली-गोळ्याची पैदास

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. जेनेटिक अल्गोरिदमने, म्हणजे सरस खेळणारे निवडून त्यांच्यापासून पिढ्यांमागून पिढ्या वाढवत, फुली-गोळा खेळणारा भिडू घडवायचा तुझा बेत कळला. खरं तर या खेळाला इतका खटाटोप लागत नाही. सगळ्या शक्यता संगणक चुटकीसरशी तपासतो. पण हात बसायला खेळ झकास आहे. फिरवून-उलटवून सारख्या दिसणाऱ्या मांडण्या एकच धरल्यास तर ५,४७८ च्या ७६५ उरतात. संपलेले डाव वगळ आणि उरलेल्या प्रत्येक मांडणीला एक चाल दे, की भिडूचं गुणसूत्र, म्हणजे त्याच्या चालींची यादी, तयार.

संकर (दोन याद्यांची सरमिसळ), उत्परिवर्तन (एखादी चाल अशीच बदलणं) वगैरे एका बैठकीत लिहून होईल. डोकं खर्च कर ते गुण कशाला द्यायचे यावर. सापाच्या खेळात फक्त जिवंत राहण्याला गुण ठेवलेस, तर साप खाण्याकडे ढुंकूनही न बघता गोल गोल फिरत राहील. मागितलं तेच दिलं की त्याने!

आणि भिडूला खेळवणार कुणाशी? राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉडने १९८७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठी वाचच. खेळ कैद्यांच्या पेचाचा: दर डावाला सहकार्य करायचं की दगा द्यायचा. एका डावाचे निकाल चार, म्हणून मागच्या तीन डावांचे इतिहास ६४. प्रत्येकाला एक उत्तर. पहिल्या डावाआधी इतिहासच नसतो, तो गृहीत धरायला आणखी सहा जागा. एकूण ७० जागांचं गुणसूत्र. वीस-वीस जणांच्या पिढ्या, अशा पन्नास. बहुतेक वेळा 'जशास तसे' (समोरच्याने मागच्या डावात केलं तेच आपण करायचं) या वळणाची खेळी आपोआप वर आली. कधी त्याहून सरसही निघाली: सुरुवातीलाच दगा देऊन समोरच्याला जोखणारी, भोळ्याला लुबाडणारी आणि खमक्या भेटला की नमतं घेणारी. मला ही डांबरट मंडळी फार आवडतात! पण ती वाढली आठ ठरावीक प्रतिस्पर्ध्यांपुढे. समोरचे बदलले की त्यांची हुशारी टिकेलच असं नाही.

तुझ्याकडेही तेच होईल. फक्त कशाही चाली खेळणाऱ्यापुढे वाढलेला भिडू बचाव शिकणार नाही. उलट, पहिल्या पिढीला अचूक खेळाडूपुढे बसवलंस तर जवळपास सगळेच हरतील, मग निवड करणार कशावरून? आधी त्यांना आपसात झुंजव, अचूक खेळाडू नंतर आण, आणि बरोबरीलाही गुण ठेव. त्याच्याकडून त्याहून जास्त मिळायचं नाही.

पहिल्या शंभर पिढ्यांचे गुण कळव. आलेख नको, आकडेच पाठव.

तुझा,
निखिल