मनू, जिन्यात एकटी थांबू नकोस

प्रिय मनू,

काल तू आईला फोनवर हसत हसत जे सांगत होतीस ते स्पीकरवर होतं म्हणून मला ऐकू आलं, नाहीतर ते आईपुरतंच राहिलं असतं हे मला चांगलं माहितेय. तुझ्या केसमधल्या जाबदाराचा, म्हणजे समोरच्या पार्टीचा, भाऊ कोर्टाच्या जिन्यात आडवा येऊन म्हणतो "वकीलबाई, तुम्हालाही बघून घेऊ" आणि तू म्हणतेस फॅमिली मॅटरमध्ये हे चालायचंच. मला काही हसू आलं नाही. फोनवर बोललो तर तू "हो आप्पा, हो आप्पा" करून ठेवून देशील, म्हणून टाईप करत बसलोय, चष्मा लावून एका बोटाने, चुका झाल्या तर समजून घे.

पहिलं म्हणजे ऑफिस सोड असं मी अजिबात म्हणत नाहीये. वकीलपत्राचा फोटो पाठवलास ना, तुझ्या वकील मॅडमच्या खाली तुझं नाव, तो मी आमच्या कोर्टातल्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर टाकला. नाझरसाहेबांनी लगेच फोन केला, म्हणाले बेलिफाची पोरगी वकील झाली, पेढे कुठेत. अख्खी नोकरी मी कोर्टाची समन्सं पोचवत, वकिलांना साहेब साहेब करत दारात उभा राहिलो, आता घरातच एक साहेब आहे. त्या साहेबांना स्वतःचा डबा धुवून ठेवता येत नाही ते सोड.

पगाराचंही मी काही म्हणत नाही. बार कौन्सिलने 2024 मध्ये परिपत्रक काढलं होतं की ज्युनिअरला शहरात किमान 20 हजार, ग्रामीण भागात 15 हजार स्टायपेंड द्यावा, पण ती शिफारसच आहे, सक्ती नाही. तुझ्या मॅडम बारा देतात आणि वेळेवर देतात, शिवाय ड्राफ्टिंग स्वतः शेजारी बसवून शिकवतात. मोठ्या फर्ममध्ये वर्षभर झेरॉक्सच काढल्या असत्यास. छोट्या ऑफिसात पहिल्या महिन्यातच पक्षकार समोर येतो. पण मग त्याच्यासमोर जो असतो तोही तुझ्याच समोर येतो ना. तिथेच माझं घोडं अडतं.

पाटणकडच्या एका गावात मी घटस्फोटाचं समन्स घेऊन गेलो होतो, तुझा जन्म व्हायचा होता तेव्हा. मुलगा घरी नाही, म्हातारी ओसरीवर शेंगा फोडत बसलेली. मी म्हटलं घ्या, कोर्टाचा कागद आहे. ती हात पदराखाली घालून बसली, कागदाला शिवेचना. शेवटी कोतवालाला साक्षीला बोलावलं, चौकटीला खळ लावून समन्स चिकटवलं आणि रिपोर्ट लिहायला घेतला तेवढ्यात मुलगा एम-80 वरून आला. कागद वाचला पण नाही. फाडला, आणि कोयता घेऊन माझ्या अंगावर. कोतवाल मध्ये पडला म्हणून. बरं, त्या माणसाला कोर्टाचा राग नव्हता, जज कोण हेही माहीत नसणार. बायकोचा राग होता, पण ती माहेरी, चाळीस किलोमीटरवर. हाताशी कोण सापडलं तर मी. राग कुणावर आहे ह्याच्याशी काही नसतं मनू, जो समोर सापडतो त्याच्यावर निघतो. आणि आता तिथे तू उभी आहेस, म्हणून एवढं लिहितोय.

तेव्हा संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर एकटी जाऊ नकोस. दुसरी ज्युनिअर मुलगी कोथरूडलाच राहते ना, दोघी बरोबर निघा. अ‍ॅक्टिव्हा मागच्या बोळात लावत जाऊ नकोस, पुढे रस्त्यावर लाव, दंड झाला तर मी भरतो. तारीख झाली की लगेच खाली उतरायचं नाही, समोरची पार्टी जाऊ दे, मग क्लार्कबरोबर जा. आणि तो माणूस जे बोलला ते मॅडमना सांगितलंस का? "सांगेन" नको, सांग. तारीख, वेळ, कोण ऐकत होतं, सगळं लिहून ठेव. पक्षकारांना तू हेच सांगत असशील.

बरं, ते झालं, आता तो विषय नाही काढत.

कामाचं एक सांगतो. अर्जात पत्ता लिहिताना नुसतं "मु. पो." आणि तालुका लिहून सोडू नकोस. वाडीचं नाव, घराजवळची खूण, देऊळ, दूध डेअरी, घरातला कर्ता माणूस कोणत्या नावाने ओळखला जातो, सगळं घाल. वकिलांना वाटतं समन्सचा भत्ता भरला की आपलं काम झालं. एका गावात त्याच नावाचे चार जण असतात, बेलीफ फिरून परत येतो, "पत्ता अपुरा" असा शेरा पडतो आणि बाईची तारीख दोन महिने पुढे. तिने त्या दिवसाचा रोज बुडवून यायचं भाडं घातलेलं असतं. हल्ली समन्स मेलवर, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात म्हणे, तरी बजावणी पक्की झाल्याशिवाय एकतर्फा हुकूम मागायला उभं राहू नये. आणि पोटगीच्या अर्जातलं उत्पन्नाचं शपथपत्र, ते सुप्रीम कोर्टाने 2020 ला रजनेश विरुद्ध नेहा मध्ये दोन्ही बाजूंना सक्तीचं केलंय ना, त्यात शेतीचं उत्पन्न माणसं हमखास लपवतात, सातबारा तू स्वतः काढून बघ. बघ, झालं माझं भाषण सुरू. सॉरी. हे सगळं तू माझ्यापेक्षा जास्त शिकलीयेस, मी आपला बाहेरून बघितलेलं सांगतोय.

पण आक्काचं तुला अर्धंच माहितेय. दीडशे रुपये खावटी, म्हणजे पोटगी, मंजूर झाली होती तिला. तेव्हा कायद्यानेच महिन्याला पाचशेच्या वर देता येत नव्हती, केंद्राने ती मर्यादा उठवली 2001 मध्ये. (आता तुमचं खावटीचं कलम 125 जाऊन 144 आलंय, मी अजून 125 च म्हणतो.) मंजूर झाली, पण हातात कुठे पडते. थकली की वसुलीचा अर्ज, मग वॉरंट, वॉरंट निघालं की तो थोडी भरणार, परत थकवणार. आणि रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज नाही टाकला तर वॉरंट मिळत नाही, हे आक्काच्या वकिलांना माहीत असून त्यांनी वर्ष घालवलं. बुडाले पैसे. मी कोर्टातच नोकरीला, रोज त्यांना नमस्कार घालायचो आणि तोंडातून शब्द काढू शकत नव्हतो. त्या दिवशी मी ठरवलं होतं की, जाऊ दे, काय ठरवलं ते तुझ्या आईला विचार.

तुझ्या डायरीत थकबाकीच्या तारखा लाल शाईने लिही एवढं कर.

आणि त्यातलीच गंमत सांगतो. तारखेला आक्का आणि तो एकाच बाकावर बसायचे, दुसरी जागाच नव्हती. मधल्या सुट्टीत आक्का त्याला विचारायची, जेवलात का. मी संतापायचो. हा माणूस हिला नांदवत नाही, खावटी देत नाही, आणि ही विचारतेय जेवलात का! आता वाटतं त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं. सांगायचं हे की तुझ्या अर्जदार बाया पण अशाच असणार. आज रडून, हात जोडून केस देतील, उद्या समुपदेशकासमोर बसून परत नांदायला जातील, आणि गेल्या की दोघं मिळून म्हणतील त्या वकिलीणीनेच लावून दिलं. म्युच्युअलमध्ये, म्हणजे दोघांच्या संमतीच्या घटस्फोटात, पण तेच, थांबायच्या सहा महिन्यांत (आता कोर्ट माफ करू शकतं म्हणा, 2017 पासून) माणूस फिरू शकतो, हुकूमनामा होईपर्यंत संमती काढून घेता येते. फिरला तर फिरू दे. कोर्टाने आधी समेटाचा प्रयत्न करायचा असं फॅमिली कोर्टाच्या कायद्यातच लिहिलंय. त्याच कायद्यात असंही लिहिलंय की तिथे वकील हक्काने उभा राहू शकत नाही, कोर्टाच्या परवानगीने राहतो, तेव्हा जास्त तोऱ्यात राहू नकोस, ही ही.

आई म्हणते ह्या पोरीचं लग्नावरनं मन उडेल. मी म्हटलं उडू दे थोडं, घाई काय आहे. मला ती काळजी नाहीये. मला एवढंच की तू फोनवर हसलीस तेव्हा हसणं जरा लांबलं होतं, तुझं नेहमीचं तसं नसतं. खरंच तो फक्त बोलला ना? हात वगैरे नाही ना लावला? हे आईला न विचारता मलाच कळव, मेसेजमध्ये एक शब्द टाकलास तरी चालेल.

तात्याचा पोरगा रविवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी, थालीपिठाची भाजणी आणि तुझा जुना रेनकोट पाठवतोय. पक्षकारांना स्वतःचा नंबर देऊ नकोस, रात्री अकराला फोन घेत जाऊ नकोस, ऑफिसचा नंबर कशाला आहे. मंगळवारी त्याच मॅटरची तारीख आहे असं तू म्हणालीस. मला तसंही पेन्शनच्या कामाला पुण्याला यायचंय, मंगळवारी आलो तर चालेल का? कोर्टात नाही येणार, बाहेर चहाच्या टपरीवर बसेन, तू ओळख दाखवली नाहीस तरी चालेल. हो म्हटलंस तर सकाळच्या सहाच्या एसटीचं रिझर्व्हेशन करतो.

तुझा,
आप्पा