ताळा मुलांनाच करू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वर्षाच्या सुरुवातीची पायाभूत चाचणी झाली की शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर आठवडाभर एकच चौकशी असते: गुण भरून झाले का? पेपर तपासायचे, गुण ऑनलाइन भरायचे, गठ्ठा बांधून कपाटात ठेवायचा, की चाचणी संपली. ज्या मुलाने पेपर लिहिला त्याच्या हातात तो परत पडतोच असे नाही. पडला तरी लाल होऊन पडतो, आणि त्यावर करण्यासारखे काही उरलेले नसते. ‘मुलांनी स्वतःच्या शिकण्याची जबाबदारी घ्यावी’ हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षणात ऐकू येते. पण ती घ्यायची जागा नेमकी कोणती, हे कोणी सांगत नाही. आमच्या मते ती जागा म्हणजे चुकलेले उत्तर.

एक साधे उदाहरण घेऊ. चौथीच्या वर्गात ४०३ – १७८ ही वजाबाकी दिली, तर चुकीची उत्तरे ढोबळमानाने तीन प्रकारची येतात. काही मुले ३७५ लिहितात. त्यांनी प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलेला असतो, वरचा कोणता आणि खालचा कोणता हे न पाहता. काही २३५ लिहितात. त्यांना शतक सुटे करायचे कळलेले असते, पण त्या दहा दशकांतले एक एककांकडे गेल्यावर नऊच उरतात हे निसटलेले असते. काही २७५ लिहितात: शतकातला एक थेट एककाला देऊन टाकला, मधले शून्य तसेच ठेवले आणि तिथे सातातून शून्य वजा केले. तीन मुले, तीन वेगळ्या अडचणी. वहीत मात्र तिघांनाही सारखीच लाल फुली आणि शेजारी बाईंनी लिहिलेले २२५. मुले ते २२५ खाली सुवाच्य अक्षरात उतरवतात आणि ‘सुधारणा’ पूर्ण होते. या सगळ्यात विचार केला तो फक्त शिक्षकाने.

त्याऐवजी असे करता येते. शिक्षकाने चुकलेल्या गणितावर काहीच खूण करायची नाही. चार गणितांच्या शेजारी समासात एवढेच लिहायचे: ‘या चारांत एक चुकले आहे.’ शोधायचे मुलाने, आणि त्याचे हत्यार आपल्या जुन्या अंकगणितात आहेच: ताळा. ३७५ मध्ये १७८ मिळवले तर ५५३ येतात, ४०३ नाही. चूक आहे हे मुलाला स्वतःच कळले, कोणी सांगावे लागले नाही. ताळा हल्ली पाचवी-सहावीपर्यंत अनेकांना ‘जास्तीचे काम’ वाटतो, कारण तो बरोबर आलेल्या गणितापुढे सक्तीने करायला लावतात. संशय असलेल्या ठिकाणी तो वापरायला दिला, की मुलांना त्याचा उपयोग दिसतो.

चूक आहे हे कळले, आता ती कुठे आहे ते शोधायचे. इथे काड्यांच्या जुड्यांना पर्याय नाही. शंभराचा एक गठ्ठा सोडला की दहाच्या दहा जुड्या होतात. त्यातली एक जुडी सोडली की दहा सुट्या काड्या हातात येतात, आधीच्या तीन धरून तेरा, आणि जुड्या उरतात नऊ. २३५ लिहिणाऱ्या मुलाला हे एकदा हाताने करावे लागते. फळ्यावर तेच दहा वेळा समजावले तरी ते नऊ त्याला दिसत नाहीत.

मग मुलाने वहीत एक ओळ लिहायची: माझे काय चुकले. ही ओळच सगळ्यात जास्त फसते. पहिल्या आठवड्यात तीन चतुर्थांश वर्ग ‘घाई झाली’ किंवा ‘लक्ष दिले नाही’ असे लिहितो. ती कबुली झाली, तिच्यातून पुढे काही करता येत नाही. ‘शतक सुटे केले पण दशकाच्या घरात नऊऐवजी दहाच धरले’ ही उपयोगाची ओळ. असे लिहायला मुलांना शिकवावे लागते. त्यासाठी फळ्यावर रोज एक नाव नसलेली चूक घ्यावी, वर्गाने मिळून तिची ओळ तयार करावी. पाच-सहा दिवसांत वळण लागते. शेवटी त्याच प्रकारचे एक गणित मुलाने स्वतः तयार करायचे. ज्याने ४५७ – १२३ असे काही लिहिले त्याला मुद्दा कळलेला नाही, ज्याने मध्ये शून्य असलेली संख्या निवडली त्याला कळला. इतकी चांगली परीक्षा दुसरी नाही.

या कामाला ३५ ते ४० मिनिटांची एक तासिका लागते, तीही दोनच चुका घेतल्या तर. पेपरातल्या सगळ्या चुका एकदम घेतल्या की मूल दमते आणि पुन्हा उतरवून काढायला लागते. कोणत्या दोन घ्यायच्या हे मुलाने ठरवायचे. पहिल्यांदा मुले सर्वांत सोप्या निवडतात, निवडू द्यावे. दुसऱ्या खेपेपासून एक मुलाची, एक शिक्षकाची. दहा-बारा दिवसांनी त्याच प्रकारची दोन गणिते पुन्हा द्यायची, आणि सोडवण्याआधी मुलाने आपली जुनी ओळ वाचायची. ही फेरतपासणी राहिली तर आधीचे सगळे वाया जाते, आणि नेमकी तीच राहते, कारण तोवर पुढचा घटक सुरू झालेला असतो.

आणखी दोन बारीक गोष्टी. या तासाला खोडरबर दप्तरात. चूक खोडली की अभ्यासायला काही उरतच नाही. दुरुस्ती वेगळ्या रंगाने, चुकीच्या शेजारी करायची. आणि जोड्या लावताना हुशार मुलाला कच्च्या मुलाशेजारी बसवण्याची सवय सोडायची, कारण तिथे हुशार सांगतो आणि दुसरा लिहितो. त्यापेक्षा ३७५ वाल्याला २३५ वाल्याशेजारी बसवावे. दोघांनाही माहीत असते की दोघांचे चुकले आहे, त्यामुळे कोणी कोणाचे उतरवत नाही. एकमेकांच्या वहीत पेन्सिल लावायची नाही, फक्त विचारायचे, एवढा एक नियम पुरतो.

भाषेत ताळा नसतो, म्हणून तिथे ‘तुझा निबंध तूच तपास’ असे म्हणून काही होत नाही. मूल दोनदा वाचते आणि छान आहे म्हणते. तपासायची गोष्ट एकच द्यावी. उदाहरणार्थ, -त, -ला, -ने लागलेले शब्द शोध, खाली रेघ मार, मूळ शब्द शेजारी लिही: विहीर–विहिरीत, फूल–फुलाला, गरीब–गरिबाने. मूळ शब्दातल्या शेवटून दुसऱ्या अक्षराचा दीर्घ ई-कार किंवा ऊ-कार प्रत्यय लागताना ऱ्हस्व झाला का, एवढेच पाहायचे. ‘शरीर–शरीरात’ सारखे तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, शब्द या नियमात बसत नाहीत. त्यांची छोटी यादी भिंतीवर असावी आणि मुलांनीच ती वाढवत न्यावी. पुढच्या निबंधाला दुसरी गोष्ट.

गुणांबद्दल. पेपर परत देताना वर गुण लिहिलेले असतील तर मूल आधी स्वतःचे गुण पाहते, मग शेजाऱ्याचे, आणि पेपर दप्तरात टाकते. इस्रायलमधील संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फक्त शेरा मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना मात्र शेऱ्याचा फायदा झाला नाही. गुण लपवायचे नाहीत, दुरुस्तीची तासिका संपल्यावर सांगायचे.

हे सगळे आपल्याकडे कागदावर नाही असे नाही. शिक्षण हक्क कायद्यानंतर २०१० मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यातील आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर करायच्या, मूल्यमापनाच्या आठ साधनतंत्रांत स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन आहे. पण ते आहे आठव्या क्रमांकावर, ‘इतर’ या सदरात, आणि ‘इतर’चे जे व्हायचे तेच झाले. प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकाने लिहायच्या वर्णनात्मक नोंदींचे तर विचारूच नका. विषयवार तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात मिळतात, पीडीएफ फिरतात, आणि जिल्ह्या-जिल्ह्यांतली हजारो मुले एकाच शब्दांत ‘गणितातील क्रिया अचूक करतात’. प्रगतिपुस्तकात ‘सुधारणा आवश्यक’ असा रकाना आहे. तो मुलाने स्वतःच्या ओळींवरून भरला आणि शिक्षकाने खाली सही केली, तर नोंद खरी होईल आणि शिक्षकाचा वेळही वाचेल.

खरी अडचण मात्र वर्गाबाहेर आहे. तपासणीला आलेले अधिकारी आणि घरी वही उघडणारे पालक, दोघेही लाल शाई शोधतात. पानावर बरोबरच्या खुणा नसल्या की ‘वह्या तपासलेल्या नाहीत’ असा शेरा पडतो, म्हणून शिक्षक रात्री बसून खुणा करतात. वहीच्या पहिल्या पानावर दोन ओळी छापाव्यात किंवा चिकटवाव्यात: या वहीत विद्यार्थी स्वतः तपासतो, शिक्षकांची सही दर पंधरा दिवसांनी. पहिल्याच पालक सभेत दोन वह्या उघडून दाखवाव्यात. याचा अर्थ शिक्षकाने वही बघायची नाही असा नव्हे. रोज पाच-सहा वह्या घेऊन गणिते नाही, ती एक ओळ वाचायची. तीस मुलांचा वर्ग आठवड्यात पुरा होतो, आणि उद्या काय शिकवायचे ते त्या ओळींतून समजते.

एक इशाराही द्यायला हवा. मुलांना जबाबदारी देणे म्हणजे मुलांवर सोडून देणे नव्हे. ज्ञानरचनावादाच्या, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते या विचाराच्या, लाटेत गावोगावच्या शाळांच्या फरशा रंगल्या. त्यातल्या काही वर्गांत मुले खरोखर शिकली. बाकीच्या वर्गांत मुले रंगीत चौकटींभोवती बसली आणि शिक्षक बाजूला झाले. नवी संकल्पना शिक्षकानेच शिकवायची. दुसरीपर्यंतच्या मुलांकडून लेखी ओळीची अपेक्षा करू नये, त्यांनी तोंडी सांगावे. जी मुले अजून वाचू शकत नाहीत, त्यांचा प्रश्न वाचनाचा आहे, त्यांना या तासाला वेगळे घेऊन बसावे.

द्विशिक्षकी शाळांना तर ही पद्धत जास्त उपयोगी आहे. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत असताना चौथीला ‘पाढे लिहा’ सांगून तिसरीला शिकवण्यापेक्षा चौथीला ताळ्याला बसवलेले केव्हाही चांगले. तिथे चार-पाच मिनिटे गलका होतो, मग थांबतो.

शिक्षण विभागाकडे मागणी दोनच गोष्टींची आहे. चाचणीचे वेळापत्रक काढताना गुण भरण्याच्या मुदतीबरोबर पेपर मुलांना परत देऊन दुरुस्ती करून घेण्याच्या दोन तासिका, एक भाषेची आणि एक गणिताची, त्याच परिपत्रकात लिहाव्यात. आणि शाळाभेटीच्या प्रपत्रात ‘वह्या तपासल्या आहेत काय?’ या प्रश्नाऐवजी ‘विद्यार्थ्याने स्वतःची चूक शोधून लिहिली आहे काय? कोणतेही एक उदाहरण उतरवा’ असे विचारावे. उदाहरण उतरवायचे म्हटले की वही उघडावीच लागते. यंदाच्या पायाभूत चाचणीचे गठ्ठे अजून कपाटातच असतील. संकलित एकच्या, म्हणजे पहिल्या सत्राच्या परीक्षेच्या, आधी ते सोडायला वेळ आहे.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक