बाबा, गाडी बंद नाही पडली

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर बोलायचं म्हटलं की बाबा तुम्ही नुसतं हां हां करता आणि नंतर दादाला विचारता ती काय म्हणाली, म्हणून यावेळी सगळं लिहूनच पाठवतेय, दादा प्रिंट काढून देईल. प्रश्न तुमचाच आहे. दादाने इलेक्ट्रिक गाडी घेतली तर ती गुहागरला पोचेल का, का महाडच्या पुढे रस्त्यात बसायचं.

तर ऐका. आमची गाडी इथे नॉर्वेत दसऱ्याच्या आधी आली. पूजा केली, झेंडू काही मिळाला नाही, पिवळी शेवंती लावली, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि मी चार्जिंगच्या केबललाही हळदकुंकू वाहिलं कारण शस्त्र तर तेच आहे ना आता! तुमचा जावई म्हणे प्लगच्या आत नको घालूस म्हणजे झालं. दुसऱ्या दिवशी ओस्लोहून बर्गनला निघालो, साधारण पाचशे किलोमीटर, मध्ये डोंगर.

बाबा, तुम्ही एमएसईबीतले, तुम्हाला एका वाक्यात सांगते. बॅटरी ६० युनिटची आहे. म्हणजे लाइट बिलावरचंच युनिट, दुसरं काही नाही. सपाटीला ऐंशीच्या स्पीडने शंभर किलोमीटरला पंधरा-सोळा युनिट जातात, थंडीत हीटर लावला, चढ लागला की पंचवीसपर्यंत जातात. शोरूमवाला ४३० किलोमीटर सांगतो, आम्ही ३३० धरून चालतो. बाकी सगळं तुम्ही बोटांवर करालच.

आम्ही फागरनेस नावाच्या गावात जेवायला थांबलो, तिथेच चार्ज करायचा बेत होता. पण शाळांना शरदाची सुट्टी, अर्धं ओस्लो त्याच रस्त्याला, चार्जरला सहा गाड्यांची लाईन (इथे नव्या गाड्यांमधल्या दहातल्या नऊ तरी इलेक्ट्रिक असतात, तेल विकून श्रीमंत झालेला देश आणि स्वतः मात्र धरणाच्या विजेवर फिरतो, काय म्हणायचं). आमचा नंबर आला तर तो चार्जर आमचं कार्डच घेईना, ॲप टाका म्हणे, ॲप टाकलं तर इथला पर्सनल नंबर (आपल्या आधारसारखा) मागतो, मग ओटीपी येईना, मागचा माणूस शांतपणे बघतोय पण त्याचं ते शांत बघणंच जास्त छळतं. शेवटी हा म्हणाला चल, ४० टक्के आहे, डोंगरापलीकडच्या लार्दाल गावापर्यंत जाऊ. मी म्हटलं मध्ये फिलेफ्येलचा डोंगर आहे, हजार मीटरच्या आसपास उंचीपर्यंत चढायचंय. म्हणाला होईल गं.

झालं काय, चढावर टक्के असे उतरायला लागले जसे रिक्षाच्या मीटरचे आकडे चढतात. बाहेर २ डिग्री, हीटर बंद केला, तुमची नात ब्लँकेटमध्ये, मी हातमोजे घालून. माथ्यावर पोचलो तेव्हा १५ टक्के आणि स्क्रीनवर लिहिलेलं रेंज ४२ किलोमीटर, आणि लार्दाल अजून पंचावन्न. मला खरं सांगू का, आपली फियाट आठवली. कशेडीला बॉनेट उघडून तुम्ही उभे, डिकीतला पाण्याचा कॅन, आणि आई गाडीत बसून रामरक्षा. मी पण सुरू केली. हा हसला नाही यावरून समजा काय ते.

आणि मग उतार लागला. आई तुला आठवतं, उताराला बाबा पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकायचे आणि तू ओरडायचीस? इथे उलटं आहे. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की मोटरच जनरेटर होते आणि गाडी आवळून धरल्यासारखी हळू होते, ब्रेकला फारसा पाय लावावाच लागत नाही, आणि वीज परत बॅटरीत. बाबा तुम्ही आम्हाला घाटघरचा प्रकल्प दाखवायला नेलं होतं ना, रात्री पाणी वर चढवायचं आणि दिवसा खाली सोडून वीज करायची, तेव्हा मी सगळा वेळ माकडं बघत होते, पण तेच हे. चढवायला जेवढी लागते तेवढी परत मिळत नाही हेही तुम्हीच सांगितलेलं. आमचंही तसंच, पण पंचावन्न किलोमीटर उतरून गेले फक्त तीन टक्के! एका तीव्र उतारावर तर १३ चे १४ झाले, आम्ही टाळ्या वाजवल्या. म्हणजे तो ४२ चा आकडा खोटा नव्हता, त्याने फक्त मागचा चढ बघून पुढचाही चढच धरला होता. वाटेत बोरगुंडचं बाराव्या शतकातलं लाकडी चर्च लागलं, एकावर एक उतरती छपरं, कोकणातल्या देवळासारखं वाटलं, पण थांबायची हिंमत नव्हती.

लार्दालला १२ वरून ८० टक्के व्हायला पस्तीस मिनिटं लागली, तेवढ्यात कॉफी आणि तुझे शंकरपाळे. ऐंशीच्या पुढे थांबू नये, कळशी गळ्यापर्यंत आली की आपण नळ बारीक करतो तसं पुढचं चार्जिंग हळू हळू होतं. मग तो प्रसिद्ध बोगदा, २४.५ किलोमीटर लांब, २००० साली झालेला, मध्ये तीन ठिकाणी गुहेसारखं रुंद केलंय आणि निळे दिवे, म्हणजे ड्रायव्हरला झोप लागू नये. दादाला म्हणावं ठाणे-बोरिवली बोगदा झाला की तिथेही लावा. बर्गनला पाऊस, चिपळूणचा जुलै समजा.

आता दादाचं. ठाणे ते गुहागर पावणेतीनशे धरा, पहाटे फुल करून निघालात तर पेण-माणगाव पट्ट्यात चहाला थांबाल तेव्हा अर्धा तास लावायची, निवांत पोचाल, थंडीही नाही तिकडे, एसी काही हीटरएवढा खात नाही. मला काळजी रस्त्याची नाहीच, आपल्या सोसायटीची आहे. चार्जिंगच्या पॉइंटला कमिटीने दादाला तोंडीच ‘नाही’ म्हणून सांगितलं म्हणे, आग लागते म्हणून. तोंडी कशाला, लेखी अर्ज द्या, लेखी उत्तर मागा. बाबा तुम्ही स्वतः जा मीटिंगला, सँक्शन्ड लोड (मंजूर वीजभार) काय असतं ते त्यांना तुमच्याइतकं कोण समजावणार. १५ अँपिअरचा एक साधा पॉइंट, वेगळ्या मीटरवर, रात्री नऊ तास लावला तर पंचवीस-सव्वीस युनिट, म्हणजे दीडशे किलोमीटर झाले. रोजचं ठाणे-बेलापूर त्यात आरामात बसतं. तो पॉइंट मिळाला नाही तर मात्र घेऊ नकोस दादा, रोज बाहेरच्या चार्जरवर ताटकळत बसायचं हे मी फागरनेसला एकदाच केलं आणि मला पुरलं.

आणि बाबा, गुहागरच्या घराचं अर्थिंग बघून घ्या. ते नीट नसेल तर गाडी लाल दिवा दाखवते आणि चार्जच घेत नाही, आणि जांभ्यात मे महिन्यात ते हमखास सुकलेलं असणार. मागच्या पडवीजवळचा खड्डा आहे ना, कोळसा-मीठ घालून त्यात दोन बादल्या पाणी ओतायला काकांना आत्ताच सांगून ठेवा.

तुमची,
छकुली