जहाज कोणत्या देशात धरायचे? क्रूझवरील रोमिंगच्या बिलाबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक चालू असताना ‘सागरी नेटवर्क’ या नावाखाली लावलेली आकारणी रद्द करण्याबाबत.

संदर्भ : सोबत जोडलेले बिल, पॅक सुरू झाल्याचा आपला एसएमएस आणि माझ्या आधीच्या तक्रारीला आपण ईमेलने दिलेले उत्तर.

महोदय / महोदया,

आपले उत्तर मिळाले. ‘सदर आकारणी अटी व शर्तींनुसार असून त्यात बदल करता येणार नाही,’ असे म्हणून आपण विषय मिटवला आहे. माझ्या बाजूने तो मिटलेला नाही, म्हणून हे सविस्तर पत्र. शक्यतो हे पत्र छापील उत्तरे पाठवणाऱ्या टेबलावर न जाता रोमिंगचे काम पाहणाऱ्या माणसापर्यंत जावे, ही विनंती.

भूमध्य समुद्रातल्या क्रूझला निघण्यापूर्वी मी आपल्याकडून आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक घेतले. एक माझ्या फोनवर, दुसरे सिम घातलेल्या टॅबलेटवर. जहाज बार्सिलोना, मार्सेय आणि नेपल्सला थांबणार होते. स्पेन, फ्रान्स, इटली हे तिन्ही देश पॅकच्या यादीत होते. आपल्या ॲपमध्ये पॅक घेताना फक्त देश विचारतात. कसे जाणार, कशाने जाणार, हे कोणी विचारत नाही. मी देश निवडले, पैसे भरले आणि लगेच आपला एसएमएस आला. तो जसाच्या तसा जोडला आहे. त्यात दोन सूचना आहेत : ‘डेटा रोमिंग सुरू ठेवा’ आणि ‘नेटवर्क निवड ऑटोमॅटिक ठेवा’. जहाजाबद्दल अवाक्षरही नाही.

मी दोन्ही सूचना पाळल्या. बंदरांवर पॅक छान चालले, त्याबद्दल तक्रार नाही. जहाजावरच्या वापरासाठी मी जहाजाचे वाय-फाय वेगळे पैसे देऊन घेतले होते. ते एका उपकरणापुरते होते, म्हणून फोनवर लॉग-इन केले आणि टॅबलेट केबिनच्या टेबलावर पडून राहिला. परत आल्यावर जे बिल आले, त्यातली सागरी नेटवर्कची, म्हणजे जहाजावरच्या उपग्रहाशी जोडलेल्या मोबाइल नेटवर्कची, रक्कम दोन्ही पॅकच्या किमतीच्या कित्येक पट आहे. आणि गंमत म्हणजे त्याच बिलात वरच्या बाजूला ‘पॅकमधील शिल्लक डेटा’ म्हणून निम्म्याहून अधिक डेटा तसाच पडलेला दिसतो!

आता बिलाच्या तिसऱ्या पानावरच्या दोन ओळी कृपया उघडून पाहा. दोन्हींची वेळ एकच, रात्री २ वाजून १४ मिनिटे. पहिली ओळ ‘येणारा कॉल, सागरी नेटवर्क’. तिच्याखाली ‘जाणारा कॉल, सागरी नेटवर्क’, आणि मी म्हणे ज्या क्रमांकावर हा कॉल ‘केला’, तो क्रमांक आपल्याच व्हॉइसमेलचा आहे. त्या वेळी मी झोपले होते. फोनच्या नोंदीत तो कॉल आजही मिस्ड कॉल म्हणून दिसतो. स्क्रीनशॉट जोडला आहे. घडले ते असे : कोणीतरी मला फोन केला, आपण तो उपग्रहामार्गे जहाजापर्यंत पाठवला, मी उचलला नाही म्हणून तो तिथून पुन्हा उपग्रहामार्गे आपल्या व्हॉइसमेलकडे वळवला गेला. न उचललेल्या एका कॉलचे जायचे आणि यायचे असे दोन्ही बाजूंचे भाडे माझ्या माथी! व्हॉइसमेलची सोय मी मागितलेली नव्हती. ती आपण सिमसोबत आपणहून सुरू केलेली असते. बिल नीट चाळले तर अशा जोड्या आणखी सापडतील.

टॅबलेटची तऱ्हा वेगळी. त्याला कोणी हातही लावला नव्हता. पण हातात नसलेला टॅबलेट गप्प बसत नाही. तो मेल ओढतो, बंदरावर काढलेले फोटो क्लाउडवर चढवतो, प्रत्येक ॲप आपापली माहिती ताजी करून घेते. जमिनीवरच्या नेटवर्कवर हे सगळे पॅकमधून वजा झाले असते. इथे ते सुट्या दराने लागले.

आपल्या ग्राहक सेवेतल्या ताईंनी मला फोनवर सांगितले की ‘तुमच्या डिव्हाइसने स्वतःच ते नेटवर्क निवडले, त्यात कंपनी काही करू शकत नाही’. त्या नम्रपणे बोलल्या, त्यांना दोष नाही. त्यांना जे वाचायला दिले ते त्यांनी वाचले. पण हे विधान खरे नाही, आणि माझी खरी तक्रार नेमकी इथे आहे.

मोठ्या क्रूझ जहाजावर मजल्यामजल्यावर, कॉरिडॉरमध्ये मोबाइलचे छोटे अँटेना बसवलेले असतात आणि ते उपग्रहाशी जोडलेले असतात. हे एक स्वतंत्र मोबाइल नेटवर्क असते. कुठल्याच एका देशाचे नसलेल्या अशा नेटवर्कसाठी ९०१ हा वेगळा संकेतांक आहे, आणि तो माझ्या बिलावरही छापलेला आहे. जहाज बंदर सोडून जरा पुढे गेले की हे नेटवर्क चालू होते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार किनाऱ्यापासून २ सागरी मैलांच्या आत जहाजावरची जीएसएम ही मोबाइल यंत्रणा बंद ठेवावी लागते; २ ते १२ मैलांच्या पट्ट्यात फक्त जहाजाच्या आतले अँटेना चालवता येतात. म्हणजे डेकवर उभ्या माणसाला किनारा ढळढळीत दिसतो, त्याच्या फोनला कदाचित किनाऱ्याचे नेटवर्कही मिळते, आणि खाली केबिनमधला टॅबलेट मात्र ‘समुद्रात’ पोहोचलेला असतो.

इथवर डिव्हाइसने निवडले हे कबूल. पण फोनने नेटवर्क निवडले म्हणून काम होत नाही. ते परके नेटवर्क आधी आपल्याकडे चौकशी करते : हा ग्राहक तुमचा आहे का, याला आत घेऊ का? आपण नाही म्हटले तर फोनला सेवा मिळत नाही. माझ्या फोनच्या आणि टॅबलेटच्या बाबतीत ही विचारणा प्रत्येक बंदर सोडल्यावर आपल्या यंत्रणेकडे आली असणार, आणि प्रत्येक वेळी आपण होकार दिला. दारावरचा पहारेकरी आपण, आत सोडणारे आपण, आणि ‘तो स्वतःच आत आला’ असे म्हणणारेही आपणच. ज्या क्षणी होकार दिला त्या क्षणी आपल्याला ठाऊक होते की हे नेटवर्क ९०१ चे आहे, ग्राहकाच्या पॅकमध्ये ते नाही आणि त्याचा दर जमिनीवरच्या दराशी काही मेळ खात नाही. एक ‘नाही’ म्हटले असते तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

वापराची माहिती परदेशी नेटवर्ककडून उशिरा येते, त्यामुळे वेळेवर इशारा देता आला नाही, असेही आपल्या ईमेलमध्ये आहे. रोमिंगमधली फसवणूक लवकर पकडता यावी म्हणून वापराच्या नोंदी ४ तासांच्या आत मूळ कंपनीकडे पाठवण्याची पद्धत मोबाइल कंपन्यांच्या जीएसएमए या संघटनेने २००८ पासून रुजवली आहे. ती पद्धत आपल्या पैशांच्या राखणीसाठी चालते, तर माझ्या पैशांच्या राखणीसाठी का चालू नये? शिवाय पॅकमधला डेटा किती संपला, हे सांगणारे आपले एसएमएस मला बंदरावर वेळच्या वेळी येत होते. समुद्रावर मात्र ‘आपण सागरी नेटवर्कवर आहात’ असा एकही नाही.

अटींच्या कलमाबद्दल थोडेच लिहिते. ‘सागरी व हवाई नेटवर्क वगळून’ हे शब्द अटींमध्ये आहेत, मी वाचले. ते पॅक निवडण्याच्या पानावर नाहीत, पैसे भरण्याच्या पानावर नाहीत, एसएमएसमध्ये नाहीत. जे वाक्य ग्राहकाचे बिल कित्येक पटींनी वाढवू शकते ते बारीक अक्षरांत, आणि जे वाक्य त्याला नेमके त्या खर्चाकडे ढकलते, म्हणजे ‘डेटा रोमिंग सुरू ठेवा’, ते मात्र ठळक एसएमएसमध्ये. याला माहिती दिली म्हणत नाहीत.

उपग्रहाची सेवा स्वस्त नसते हे मला मान्य आहे. जुन्या पद्धतीचे दळणवळण उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतात, त्यांची क्षमता मर्यादित आणि महाग. परंतु त्याच जहाजाचे वाय-फायही उपग्रहावरूनच चालते. संपूर्ण सफरीच्या वाय-फायसाठी मी जे दिले, त्याहून जास्त रक्कम टॅबलेटच्या एका रात्रीच्या किरकोळ डेटाला लागली आहे. अलीकडे रॉयल कॅरिबियनसारख्या मोठ्या क्रूझ कंपनीने २०२२ पासून स्टारलिंकचे, सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणारे उपग्रह वापरायला घेतले, आणि जहाजावरचे इंटरनेट पुष्कळ सुधारले. आपले दरपत्रक त्या जुन्याच उंचीवर अडकलेले दिसते.

जुलै २०२२ पासून लागू असलेल्या युरोपीय संघाच्या रोमिंग नियमांत याचा विचार झालेला आहे. घरच्या दराने रोमिंगची सवलत जहाजातल्या आणि विमानातल्या नेटवर्कला तिथेही मिळत नाही. म्हणूनच ग्राहक नकळत त्या नेटवर्कला जोडला जाऊ नये याची वाजवी काळजी कंपनीने घ्यावी, असे त्यात सांगितले आहे. ग्राहकाने दुसरी मर्यादा ठरवलेली नसेल तर खर्च ५० युरोंवर गेला की सेवा थांबवायची आहे. हे नियम आपल्यावर बंधनकारक नाहीत, ते मला कळते. पण ‘कंपनी काही करू शकत नाही’ हे आपले म्हणणे त्यामुळे टिकत नाही, एवढेच दाखवायचे आहे.

आपण म्हणाल, एअरप्लेन मोड लावायचा होता. हा सल्ला योग्यच आहे. प्रश्न असा की तो आपण कधी दिला? बिल आल्यानंतर, ईमेलच्या शेवटच्या ओळीत. तो पॅकच्या एसएमएसमध्ये हवा होता. मसुदा मीच देते, जरूर वापरा :

‘क्रूझवर जात असाल तर हे पॅक फक्त बंदरावर चालेल. जहाज सुटण्यापूर्वी फोन आणि टॅबलेट दोन्हींवर एअरप्लेन मोड लावा, मग फक्त वाय-फाय चालू करा. टॅबलेटचे सिम वेगळे असते, फोनवर लावलेला मोड त्याला लागू होत नाही. डेटा रोमिंग बंद केले तरी कॉलचे पैसे लागतातच. निघण्यापूर्वी ##००२# डायल करून सर्व कॉल फॉरवर्डिंग बंद करा, म्हणजे न उचललेला कॉल व्हॉइसमेलकडे जाणार नाही. फोटोंचा बॅकअप आणि ॲपचे अपडेट मोबाइल डेटावर बंद ठेवा, नकाशे आधीच डाउनलोड करा. बंदरावर उतरल्यावर नेटवर्क हाताने निवडा.’

एवढा मजकूर कोणालाही समजतो. अर्थात सगळा भार ग्राहकावर टाकूनही भागत नाही. बँकेचा ओटीपी एसएमएसने येतो, त्यामुळे पुष्कळ लोकांना फोन पूर्ण बंद ठेवणे परवडत नाही. रोमिंगमध्ये येणारे कॉल रोखण्याची सोय जीएसएममध्ये पूर्वीपासून आहे. ती ॲपमध्ये एका बटणावर का देत नाही, हे कोडेच आहे.

तेव्हा माझे मागणे असे. दोन्ही जोडण्यांवरची सागरी नेटवर्कची संपूर्ण आकारणी, व्हॉइसमेलकडे वळवलेल्या कॉलसकट, रद्द करावी आणि सुधारित बिल पाठवावे. ते करताना प्रत्येक नोंदीचा तपशील, म्हणजे जोडणी कधी झाली, किती डेटा गेला आणि कोणत्या दराने, मला लेखी द्यावा. ‘एकूण वापर’ अशी एका ओळीतली बेरीज मी स्वीकारणार नाही. यापुढे माझ्या दोन्ही क्रमांकांवर सागरी आणि हवाई नेटवर्क कायमचे बंद ठेवावे, मी लेखी मागणी केल्याशिवाय ते उघडू नये. खरे तर ही बंदी सर्वच ग्राहकांना आपोआप लागू असायला हवी आणि ज्याला समुद्रावरून बोलायचे आहे त्याने ती उठवून घ्यावी. हा निर्णय आपला आहे, पण आपल्या उत्तरात याबद्दल कंपनीची भूमिका काय ते स्पष्ट यावे.

बिलातली वादात नसलेली रक्कम, म्हणजे मासिक भाडे आणि दोन्ही पॅकचे पैसे, मी भरली आहे. पावती जोडली आहे. तक्रार प्रलंबित असताना उरलेल्या रकमेवर विलंब शुल्क लावू नये आणि सेवा खंडित करू नये. पत्र मिळाल्याची पोच तक्रार क्रमांकासह द्यावी. ३० दिवसांत समाधानकारक लेखी उत्तर न आल्यास हीच कागदपत्रे घेऊन मी दूरसंचार नियामकाकडे आणि ग्राहक न्यायालयात जाईन.

आपली,
बिलावर नमूद खातेधारक

सोबत : १) बिलाची प्रत, तिसऱ्या पानावर खुणा केलेली  २) पॅक सुरू झाल्याचा एसएमएस  ३) मिस्ड कॉलचा स्क्रीनशॉट  ४) जहाजाच्या वाय-फायची पावती  ५) आपले ईमेल  ६) भरलेल्या रकमेची पावती