जायच्या आधी एक सकाळ काढ

चि. बाळ्या,
अनेक आशीर्वाद.

मस्कतच्या नोकरीसाठीच्या तुझ्या मेडिकल रिपोर्टवरून काल फोनवर तुझाही आवाज चढला, माझाही चढला. म्हणून आज लिहायला बसलो. "बाबा, क्रिएटिनिन ०.९ आहे, फिट लिहून दिलंय, आता विषय संपवा," म्हणालास आणि फोन ठेवलास. रात्री तो रिपोर्ट मी पुन्हा वाचला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून जो कचरा बाहेर टाकते त्याचा आकडा, ०.९ आहे, खरंय. पण त्याच कागदावर बीपी १४६/९४ आहे आणि लघवीत प्रोटीन टू प्लस. त्याबद्दल कुणी अवाक्षर लिहिलेलं नाही.

अरे, एकट्या क्रिएटिनिनवर विसंबायचं नसतं. किडनीचं जवळपास निम्मं काम बंद पडेपर्यंत तो आकडा पुष्कळदा नॉर्मलच दिसतो. लॅबमध्ये क्रिएटिनिन मोजताना पिक्रिक ॲसिडनं पिवळ्याचं नारिंगी होताना बघण्यात माझी नोकरीची वर्षं गेली, मला ते ठाऊक आहे. नानांचं क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं तेव्हा त्यांच्या पायावर बोट दाबलं की खड्डा पडत होता. पुढचं तू पाहिलंसच. डायलिसिससाठी मिरजेची ती पहाटेची एसटी, आणि ते परत आले की त्यांच्या हातातल्या फिस्टुलाला, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिन्यांना, कान लावून तू घूंऽऽ आवाज ऐकायचास. आक्का रागवायची, नाना म्हणायचे, ऐकू दे त्याला.

प्रोटीन त्याच्या कितीतरी आधी दिसू शकतं. शाळा सुटली की तू लॅबमध्ये यायचास, आठवतं? नळी तिरकी धरून लघवीचा वरचा भाग स्पिरिट लॅम्पवर तापवायचो. पांढरा ढग जमला की ॲसेटिक ॲसिडचे थेंब. विरला तर फॉस्फेट, राहिला तर प्रोटीन. तू स्टुलावर उभा राहून ओरडायचास, "राहिला बाबा, राहिला!" आणि मी तुला दटावायचो, कारण ज्याची लघवी ते माणूस बाहेर बाकावर बसलेलं असायचं. आता पट्टी बुडवली की पिवळी चौकट हिरवी होते, काम सोपं झालंय. तुझी चौकट हिरवी झाली, हे काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

हे तात्पुरतंही असेल. ताप असला, अंगमेहनत जास्त झाली तरी प्रोटीन उतरतं, आणि आदल्या संध्याकाळी तू जिमला गेला होतास असं ताई म्हणाली. तसंच निघालं तर तुझ्याआधी मी पेढे वाटीन. पण ते पुन्हा तपासल्याशिवाय कळायचं कसं? सकाळची पहिली लघवी दे आणि अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो करायला सांग; अल्ब्युमिन म्हणजे लघवीत उतरणारं मुख्य प्रोटीन. मिलिग्रॅम/ग्रॅममध्ये ३० च्या आत आला तर उत्तम. ३० ते ३०० म्हणजे लक्ष घालायला हवं, त्याच्या वर गेला तर थेट नेफ्रॉलॉजिस्टकडे, किडनीच्या डॉक्टरकडे. लघवी मायक्रोस्कोपखालीही बघू दे. लाल पेशींचे कास्ट, म्हणजे किडनीच्या नळ्यांत जमलेले साचे, दिसले तर किडनीच्या गाळणीलाच सूज असते, तिथे थांबून चालत नाही. रक्तातून ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), आणि एक सोनोग्राफी. बीपीही पुन्हा मोज, शांत बसून. जास्त आलेला रेशो तीन महिन्यांनीही तसाच राहिला तर मात्र तो जुनाट आजार धरतात. म्हणून पहिली तपासणी जायच्या आधी हवी, दुसरी तिकडे करता येईल.

आणि गुडघ्यासाठी त्या पेनकिलर परस्पर घेऊ नकोस. मस्कतच्या उन्हात साइटवर उभं राहायचं, पाणी कमी, त्यात किडनीवर ताण आणणाऱ्या या गोळ्या... झालं, पुन्हा व्याख्यान सुरू झालं. माफ कर. तू तिशीचा झालास, चाळीस माणसं तुझ्या हाताखाली काम करणार आहेत, आई सगळ्या गल्लीला सांगत सुटलीय. मीही पोस्टमनला सांगितलं. तुला अडवावं असं माझ्या मनात नाही. तिकीट पुढे ढकल असंही म्हणत नाही.

फक्त ती एक सकाळ काढ. आदल्या दिवशी जिम नको. आईला यातलं काही माहीत नाही, तिच्यासमोर फोनवर बोलू नकोस. रिपोर्ट आला की मला फोटो पाठव, सगळी पानं, नुसतं क्रिएटिनिनचं नको.

तुझा,
बाबा