व्हायोलिन मोफत खरे, पण ई तार कोण बदलणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वस्तीतल्या मुलांच्या हाती व्हायोलिन दिल्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात आले की खाली हमखास व्हेनेझुएलाचा दाखला असतो. तिथे गरिबीतली मुले वाद्यवृंदामुळे वर आली, मग इथे का नाही, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. पण तिथे नेमके काय साधले, काय साधले नाही आणि त्यासाठी रोज काय करावे लागले, याबद्दल त्या मजकुरात अवाक्षर नसते. म्हणून हा पत्रप्रपंच.

1975 मध्ये होसे अंतोनियो आब्रेऊ यांनी व्हेनेझुएलाची राजधानी काराकासमधल्या एका गॅरेजमध्ये 11 वादकांना घेऊन पहिली तालीम केली. पुढे ‘एल सिस्तेमा’ या नावाने जगाला माहीत झालेल्या कामाची ती सुरुवात. आब्रेऊ संगीतकार होते तसे अर्थतज्ज्ञही होते, आणि सरकारी तिजोरीचे कुठले दार ठोठवायचे हे त्यांना बरोबर कळत होते. संगीताच्या नावाने मागितले असते तर चार पैसे मिळाले असते. त्यांनी मुलांच्या कल्याणासाठी मागितले. त्यामुळे अनुदान सांस्कृतिक खात्यापेक्षा समाजकल्याणाच्या खात्यांतून येत गेले. सरकारे बदलली, डावीकडची-उजवीकडची उलथापालथ झाली, तरी ते आटले नाही. 2007 मध्ये तर इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने या कामासाठी 15 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. ही रक्कम ध्यानात ठेवावी. दोन देणगीदार आणि एक हौशी शिक्षक यांच्या बळावर उभे राहिलेले हे काम नाही.

तिथल्या केंद्राला ‘नुक्लेओ’ म्हणतात. शाळा अर्ध्या दिवसाची, त्यामुळे उरलेला अर्धा दिवस मूल नुक्लेओत: रोज तीन-चार तास, आठवड्यातून पाच-सहा दिवस. अगदी लहान मुले आधी टाळ्या, पावले आणि गाणे यांतून ताल-सूर शिकतात. काही केंद्रांत त्यांना पुठ्ठा, रद्दी कागद आणि खळ यांची व्हायोलिने आणि चेलो (बसून वाजवायचे, खालच्या सुराचे मोठे भावंड) बनवून देतात. पालकांनीच ती बनवायला हात लावायचा असतो. कागदाचे वाद्य वाजत नाही, तेच त्याचे काम. ते कसे धरायचे, खुर्चीच्या कडेला कसे बसायचे, गज, म्हणजे तारांवर फिरवायची केसांची काठी, कुठे ठेवायचा, शेजाऱ्याच्या डोळ्यात तो कसा जाऊ द्यायचा नाही, हे सगळे एकही लाकडी वाद्य न फोडता शिकून होते. खरे वाद्य हाती आल्यावर पहिल्या महिन्यापासून मूल गटात बसते. व्हायोलिनवाल्यांची तालीम वेगळी, चेलोवाल्यांची वेगळी, मग सगळ्यांची एकत्र. दोन वर्षे शिकलेली मुलगी नव्या मुलाची बोटे जागेवर बसवून देते, त्यामुळे थोड्या शिक्षकांवर बरीच मुले निभावतात.

आपल्याकडे याची नक्कल होते ती शनिवारी एक तास. साधा हिशेब करा. वीस व्हायोलिने, प्रत्येक सुरात लावायला दीड मिनिट, म्हणजे अर्धा तास तिथेच गेला. उरलेल्या अर्ध्या तासात मागच्या शनिवारचे विसरलेले आठवायचे. वाद्य घरी न्यायला परवानगी नसते, कारण हरवेल, मोडेल. वर्षभराने मूल एकच धून वाजवते, ती स्नेहसंमेलनात वाजते, आणि जून उजाडला की निम्मी मुले दिसेनाशी होतात. मग सांगितले जाते की या मुलांना चिकाटीच नाही.

वाद्यांचे म्हणावे तर पूर्ण मापाचे व्हायोलिन आठ वर्षांच्या मुलाच्या काहीही उपयोगाचे नाही. पाव, अर्धे, पाऊण अशी मापे असतात. डावा हात पुढे लांब करून तळव्यात व्हायोलिनचे डोके धरता आले आणि कोपर किंचित वाकलेलेच राहिले तर माप बरोबर. हात पुरता ताणला गेला तर वाद्य मोठे. तेच रेटले तर खांदा वर चढतो, मनगट आत मोडते, आणि ती खोड पुढे दहा वर्षे जात नाही. मूल साधारण दीड-दोन वर्षांत एक माप ओलांडते. म्हणून वाद्ये मुलांच्या नावावर देऊन चालत नाही, वाद्यपेढी लागते: लहान परत घ्यायचे, मोठे द्यायचे, नोंदवहीत क्रमांक टाकायचा. देणगीत मात्र येतात ती बहुतेक पूर्ण मापाची, कुणाच्या तरी माळ्यावरची.

आणि दुरुस्ती. चार-पाच हजारांच्या व्हायोलिनची पहिली तुटते ती ई तार, चारांतली सर्वांत बारीक. तीस मुलांच्या वर्गाला कपाटात डझनभर ई तारा हव्यातच. तार बदलताना चारही एकदम सैल केल्या तर पोटातला साउंडपोस्ट, म्हणजे वरच्या आणि खालच्या फळीमध्ये नुसता दाबावर उभा असलेला लाकडी दांडका, आडवा पडतो. तो उभा करायला जाणकार लागतो. म्हणून एका वेळी एकच तार काढायची. सूर चढवताना तारा ब्रिजला, म्हणजे त्या ज्यावर टेकतात त्या उभ्या लाकडी घोडीला, बोटांच्या पट्टीकडे ओढतात. आठवड्यातून एकदा दोन्ही हातांनी त्याला सरळ केला नाही तर तो वाकतो आणि एक दिवस फाडकन आडवा होतो. पावसाळ्यात तारा पिळायच्या खुंट्या फुगून अडकतात, मूल जोर लावते, तार तुटते. थंडीत त्याच खुंट्या आकसून सुटतात. त्यांना कोरडा साबण आणि खडू लावायचा, तेल चुकूनही नाही. गजाचे केस वाजवून झाल्यावर सैल करायचे. पेटी मे महिनाभर बंद राहिली तर कसर लागते आणि जूनमध्ये झाकण उघडताच केसांचा झुपका हातात येतो. सांधा उकलला तर तो सरसाने चिकटवायचा, फेविकॉलने नव्हे. सरसाचा सांधा ताण आला की आधी सुटतो आणि फळी वाचते. फेविकॉल सुटत नाही, मग फळीच चिरते. व्हेनेझुएलात हे काम शिकवायला वाद्यकारागिरीच्या कार्यशाळा निघाल्या आणि काही मुले वादक होण्याऐवजी कारागीर झाली. पोट भरायला तोही धंदा वाईट नाही.

आणखी एक चूक सुरुवातीलाच होते. व्हायोलिन स्वस्त, हातात मावणारे, फोटोत छान दिसणारे, म्हणून सगळ्यांना व्हायोलिनच. पूर्ण वाद्यवृंदात साधारण 16 पहिली व्हायोलिने, 14 दुसरी, 12 व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे, थोड्या खालच्या सुराचे), 10 चेलो आणि 8 डबल बास (सर्वांत मोठे, सर्वांत खालच्या सुराचे) असतात. खालचे सूर नसले की वरच्यांना आपण बेसूर आहोत हेच ऐकू येत नाही. चाळीस मुले असतील तर सहा चेलो आणि दोन बास पहिल्याच वर्षी आणावेत. त्यासाठी दहा व्हायोलिने कमी घेतली तरी चालतील. बास वाजवणारे कमी असतात, म्हणून त्यांना पुढे मागणीही असते. काराकासमधल्या सुपरमार्केटात पिशव्या भरून देणारा एदिक्सन रुईझ 2003 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, बर्लिन फिलहार्मोनिक या नामांकित वाद्यवृंदात गेला, तो डबल बास घेऊनच.

रुईझ किंवा तिथूनच पुढे आलेले वाद्यवृंद-संचालक गुस्ताव्हो दुदामेल यांची उदाहरणे सगळे देतात. त्याच विकास बँकेने केलेल्या अभ्यासाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. 16 केंद्रे, 6 ते 14 वयाची 2914 मुले. चिठ्ठ्या टाकून काहींना 2012 च्या सप्टेंबरात प्रवेश देऊ केला, काहींना वर्षभराने. वर्षाअखेर दोन्ही गटांची तुलना केली तेव्हा मुलांचा स्वतःवरचा ताबा थोडा वाढला आणि वागण्यातल्या तक्रारी थोड्या कमी झाल्या असे दिसले. हिंसाचार पाहिलेल्या मुलग्यांत हे अधिक ठळक होते. बुद्धी तल्लख झाली, चार माणसांत मिसळणे वाढले, असे काही सर्व मुलांत मिळून आढळले नाही. सर्वांत बोचरी गोष्ट पुढे आहे. त्या मुलांमध्ये गरिबांचे प्रमाण 16.7 टक्के होते, आणि ती मुले ज्या राज्यांत राहत होती तिथे 46.5 टक्के. म्हणजे गरिबांसाठीची म्हणून गाजलेली योजना सर्वांत गरिबांपर्यंत पुरेशी पोचतच नव्हती.

हे कुणी मुद्दाम केले असे नाही. फी माफ होती, पण फी हा खर्चाचा सर्वांत लहान भाग. अर्ज भरायला आणि मुलाला रोज ने-आण करायला ज्या आईला वेळ आहे, तिचे मूल येते. धाकट्या भावाला सांभाळणारी मुलगी येत नाही. यावर उपाय आहेत, दिसायला अगदी सामान्य. केंद्र पायी दहा मिनिटांवर हवे. वाजवण्याआधी खायला काही द्यावे, रिकाम्या पोटी गज थरथरतो. धाकट्या भावंडाला कोपऱ्यात बसू द्यावे. अर्ज मागवण्याऐवजी पालिकेच्या शाळेतला एखादा वर्ग पूर्ण घ्यावा. ऊसतोडीला गेलेल्यांची मुले मार्च-एप्रिलमध्ये परततात, त्यांना ‘पुढच्या वर्षी या’ सांगायचे नसेल तर वर्षाच्या मध्ये शिरता येईल असा गट ठेवावा लागतो.

आपल्याकडे हे सगळे नवे आहे असेही नाही. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मेस्त लोकांनी, म्हणजे संगीतशिक्षकांनी, पिढ्यान्पिढ्या सोल्फेजो (स्वरलिपी वाचून गाणे) आणि व्हायोलिन शिकवले, आणि त्या शिदोरीवर गरीब घरची मुले मुंबईला येऊन हॉटेलांच्या बँडमध्ये आणि हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातलेच, लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. ही खरीखुरी गरिबीतून बाहेर नेणारी वाट होती, कारण तिच्या टोकाला रोजचा पगारी स्टुडिओ होता. सिंथेसायझर आला आणि पन्नास वादकांचे काम एका माणसाच्या दोन हातांत गेले. वाट तिथेच संपली. पणजीत 2009 पासून डॉ. लुईस डायस यांची ‘चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन’ वंचित मुलांना वाद्ये शिकवते आहे. अशा संस्थांना आज भेडसावणारा प्रश्न शिकवण्याइतकाच मुलांच्या पुढच्या खुर्चीचा आहे. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 पासून आहे, पण परदेशी वादक आणल्याशिवाय त्याचा ताफा पुरा होत नाही. ती खुर्ची इथल्या मुलाला मिळायची तर रोजच्या तालमीची आठ-दहा वर्षे लागतात.

व्हेनेझुएलात मोठ्या वाद्यवृंदातल्या तरुणांना विद्यावेतन मिळत होते, म्हणून घरचे थांबायला तयार होते. अर्थव्यवस्था कोसळली, त्या पैशात काही येईना, आणि शिक्षक-वादक देश सोडून गेले. 2021 च्या नोव्हेंबरात काराकासमध्ये 8573 वादकांनी एकत्र वाजवून गिनीज विक्रम केला. दृश्य डोळे दिपवणारे होते खरे, पण तेवढ्याने गेलेला शिक्षक परत येत नाही. त्याच वर्षी तिथल्या काही माजी विद्यार्थिनींनी लैंगिक छळाबद्दल उघडपणे लिहिले. तेव्हा एकट्या मुलाची शिकवणी बंद खोलीत नको, दाराला काच हवी आणि तक्रार ऐकणारी व्यक्ती शिकवणाऱ्यांतली नसावी, हे नियम पहिल्या दिवशीच भिंतीवर लागलेले बरे.

आपल्या प्रतिनिधींना एक विनंती. पुढच्या वेळी अशा वर्गाची बातमी करायला गेलात तर गेल्या जूनमध्ये आलेल्यांपैकी किती मुले या जूनमध्ये आहेत हे हजेरीपटावरून विचारा, आणि कपाट उघडून ई तारा मोजा.

आपला,
व्हायोलिन शिकवणारा आणि दुरुस्त करणारा एक वाचक
मडगाव, गोवा