पोकलेनच्या ऑपरेटर काकांना आभाराचे पत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

पुण्यातील तळघराच्या खोदकामाचे संगणकीय प्रतिरूप तयार करताना आपण जे समजावून सांगितलेत, त्याबद्दल हे पत्र आहे. असे काम करणाऱ्या इतरांनाही ते उपयोगी पडावे, म्हणून ते जाहीरपणे लिहीत आहे.

असे प्रतिरूप मुळात घटनांचा हिशेब ठेवते: डंपर आला, भरणे सुरू झाले, भरून निघाला. दोन घटनांच्या मधल्या सेकंदांत यंत्र कसे हलते, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. संशोधक ज्युलिओ मार्टिनेझ यांची १९९६ मधील स्ट्रोबोस्कोप ही प्रणाली याच पद्धतीची. पुढे त्यांनी आणि विनीत कामत यांनी घडवलेल्या, काम पडद्यावर हलत्या चित्रात दाखवणाऱ्या साधनांमुळे बकेट (खोदणारे दातेरी फावडे) कुठे न्यायची एवढे सांगितले, की सांध्यांचे कोन संगणकच काढू लागला.

तरीही एक अडचण उरते. पोकलेनचे वरचे धड फिरते आणि बूम (धडाला जोडलेला मोठा हात), आर्म (त्यापुढचा लहान हात) व बकेट एकाच उभ्या प्रतलात हलतात. म्हणजे हालचाली चार, पण बकेटच्या टोकाची जागा सांगायला आकडे तीनच पुरतात. बकेटचा कल मोकळा राहतो आणि एकाच बिंदूसाठी गणिताची असंख्य उत्तरे बरोबर ठरतात. त्यांतले कामाचे उत्तर कोणते, हे कोणत्याही सूत्रात नव्हते, ते आपल्या हातांत होते. मुरमात दात कोणत्या कलाने घालायचे, आर्म ओढता ओढता बकेट केव्हा वळवायची आणि माल सांडू नये म्हणून ती किती आत घ्यायची, हे आपण लिव्हर धरून दाखवलेत, आणि मी त्याच क्रमाने सांध्यांना मर्यादा घातल्या.

बूम उचलणे आणि धड फिरवणे एकाच वेळी चालते, आणि पंपाचे तेल दोन्हीकडे वाटले गेल्याने वेग कमी होतो, हेही आपणच लक्षात आणून दिलेत. त्यामुळे एका फेऱ्याचा, म्हणजे खोदून, डंपरमध्ये ओतून परत येण्याचा वेळ ही सुट्या हालचालींच्या वेळांची बेरीज नसते. वीस टनी यंत्राचा फेरा साधारण १५ ते २० सेकंदांचा असतो, त्यात दोन सेकंदांचा फरकही दिवसाअखेर डंपरांच्या संख्येत दिसतो.

पडद्यावरील चित्र पाहून आपण पहिलाच प्रश्न विचारलात तो डंपरच्या केबिनवरून फिरणाऱ्या भरल्या बकेटबद्दल. आकड्यांच्या तक्त्यात हा धोका कुणालाही दिसला नसता. ॲनिमेशन म्हणजे केवळ सजावट, असे मानणाऱ्यांनी तो प्रश्न ऐकायला हवा होता. आता डंपर मागच्या बाजूने भरला जातो आणि फिरण्याचा कोनही त्यानुसार बदलला आहे.

जेवणाच्या सुट्टीतला आपला वेळ आपण कुरकुर न करता दिलात, याबद्दल मनःपूर्वक आभार. मुरमाखालच्या काळ्या खडकात ब्रेकर चालवण्याचा भाग अद्याप बाकी आहे. आपली हरकत नसेल, तर त्यासाठी पुन्हा भेटीला येईन.

आपला नम्र,
प्रतिरूप तयार करणारा एक अभियंता